मुलांना खेळायला बाहेर काढायचे असेल, तर आधी चार घरे जोडा

"जा, खाली जाऊन खेळ," असे सांगितले की मूल लिफ्टने खाली उतरते, आवारात कोणीच दिसत नाही म्हणून पार्किंगमध्ये दोन फेऱ्या मारते आणि दहा मिनिटांत वर येऊन पुन्हा मोबाइल हातात घेते. त्यानंतर आपण मोबाइलला दोष देतो. मूल मोकळ्या जागेच्या ओढीने बाहेर पडत नाही, ते सवंगड्यांच्या ओढीने पडते; त्यामुळे पालकांनी पहिली खटपट करायची ती खेळण्याच्या सामानाची नव्हे, तर वेळ जुळवण्याची.

एकाच इमारतीतील किंवा गल्लीतील चार घरे गाठावीत आणि प्रत्येकाच्या क्लासचे वेळापत्रक समोर ठेवून आठवड्यातील निदान तीन संध्याकाळी सर्वांना मोकळा असा एक तास शोधावा. तो सापडत नसेल, तर कोणता क्लास सोडता येईल याचा विचार करावा; हे बोलणे अप्रिय आहे, पण त्याला पर्याय नाही. जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वर्षांच्या मुलांसाठी दररोज सरासरी ६० मिनिटे दमवणारी हालचाल सुचवते, आणि शाळेतील खेळाच्या एखाद्या तासिकेने ती भरून निघत नाही.

हा तास उजेडातला असावा, याला डोळ्यांचेही कारण आहे. घरातील दिव्यांचा प्रकाश बहुधा ५०० लक्सच्या आतच राहतो, तर बाहेर झाडाच्या सावलीतही तो काही हजार लक्स असतो, आणि असा भरपूर उजेड मिळाल्याने मुलांना लघुदृष्टी जडण्याची शक्यता कमी होते. तैवानमध्ये २०१० पासून शाळकरी मुलांनी रोज १२० मिनिटे बाहेर राहावे असा कार्यक्रम राबवला गेला तो याचसाठी. मात्र आधीच लागलेला चष्म्याचा नंबर खेळण्याने उतरत नाही, हे लक्षात ठेवावे. पुण्यात डिसेंबरमध्ये सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, म्हणून हिवाळ्यात मुलांना पाचलाच खाली पाठवावे. मे महिन्यात दुपारी बारा ते चार टाळून सकाळी लवकरची वेळ धरावी.

पहिल्या दिवशी कोणता खेळ घ्यावा, असे कोणी विचारले तर मी लगोरीचे नाव घेईन, कारण तिला क्रिकेटएवढी जागा लागत नाही आणि एकाच मुलाच्या हातात सारा वेळ बॅट राहत नाही. आम्ही लगोऱ्या विकत आणल्या नाहीत. फरशीचे काम चालू असलेल्या घरातून शहाबादीचे सात तुकडे मागून आणले, त्यांच्या कडा दगडावर घासून बोथट केल्या आणि सर्वांत मोठा तुकडा तळाशी ठेवून त्यांची चळत रचली. साधारण १५ फुटांवर रेघ मारावी. एका गड्याने चेंडूने लगोरी फोडायची, मग त्याच्या गटाने ती पुन्हा रचायची आणि दुसऱ्या गटाने चेंडू मारून त्यांना बाद करायचे. चेंडू रबरी आणि हलका घ्यावा, आणि तो गुडघ्याच्या खालीच मारायचा हा नियम सुरुवातीलाच बजावून सांगावा. जी धाकटी भावंडे मागे लागतील, त्यांना लिंबूटिंबू करून खेळात घ्यावे. त्यांच्यावर राज्य येत नाही, पण ती पळतात मात्र सर्वांइतकीच.

खेळ एकदा दाखवून झाला की मोठ्यांनी बाकावर जाऊन बसावे. हे मला सर्वांत जड गेले. कोण बाद, कोणी रडीचा डाव खेळला, टाइमप्लीज कधी म्हणता येते, यावरून अर्धा वेळ भांडण होते आणि आपल्याला उठून न्याय द्यावासा वाटतो. परंतु हाणामारी होत नाही तोवर उठू नये. आमच्याकडे तिसऱ्या संध्याकाळी मुलांनी आपणहून ठरवले की वाद झाला तर पुन्हा चकायचे, आणि तो नियम आमच्यापैकी कोणाला सुचला नव्हता.

सोसायटीच्या आवारात "येथे खेळण्यास मनाई आहे" असा फलक असल्यास त्यावर चिडून उपयोग नसतो. समितीकडे लेखी अर्ज द्यावा आणि त्यात वेळ, जागा, चेंडूचा प्रकार व हजर राहणाऱ्या पालकांची नावे नमूद करावीत. काचा आणि गाड्या हीच समितीची मुख्य धास्ती असते. हलका चेंडू आणि ठरलेला कोपरा पाहून ती बरीच निवळते. पावसाळ्यात जोर ओसरला की मुलांना ओल्या मातीत खुशाल उतरू द्यावे, फक्त शेवाळलेल्या फरशीवर पळू देऊ नये आणि विजा कडाडू लागताच सर्वांना आत घ्यावे.

गुडघे फुटतीलच. जखम वाहत्या स्वच्छ पाण्याने व साबणाने धुवावी, माती उरली नाही ना हे उजेडात पाहावे आणि हळदीची चिमूट स्वयंपाकासाठी राखून ठेवावी. धनुर्वाताच्या लसीचे डोस, विशेषतः पाच ते सहा वर्षे, दहा वर्षे आणि सोळा वर्षे या वयांतले, वेळेवर झाले आहेत का हे लसीकरणाच्या कार्डावर आजच तपासून घ्यावे, म्हणजे ऐन वेळी कार्ड शोधण्याची धावपळ होणार नाही.