वडिलांच्या आठवणींची बैठक : आधी करावयाची तयारी

वर्षश्राद्ध तारखेने नव्हे, तिथीने होते, हे ठाऊक असूनही नातेवाइकांना कळवताना हमखास घोळ होतो. चांद्रवर्ष सुमारे ३५४ दिवसांचे असल्यामुळे तिथी साधारण अकरा दिवस अलीकडे येते आणि मध्ये अधिक मास पडला असेल, तर उलट पुढे सरकते. तेव्हा पंचांग पाहून आधी दिवस पक्का करावा आणि आठवणींची बैठक मात्र त्या दिवशी ठेवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. गुरुजींची वेळ, स्वयंपाक, कावळ्याचे पान आणि पंगत यांच्या गडबडीत कोणाचे बोलणे शेवटपर्यंत जात नाही. आम्ही त्यानंतरचा रविवार धरला आहे. मुंबईतील रविवार म्हणजे मेगाब्लॉक, त्यामुळे डोंबिवली आणि पनवेलहून लालबागला येणाऱ्यांना सकाळी लवकरच निघायला सांगावे. गावाहून तुतारी एक्सप्रेसने दादरला उतरणाऱ्या आत्याला घ्यायला कोण जाणार, हेही आदल्या आठवड्यातच ठरवावे.

कोणाला बोलवायचे याची यादी वयाप्रमाणे करावी आणि वयाने सर्वांत मोठ्या माणसाकडे बैठकीची वाट न पाहता आधीच जाऊन यावे. या यादीत केवळ भाऊबंद नसावेत. बाबा आमच्यासाठी बाबा, आत्यासाठी भाऊ, चाळीतल्या मुलांसाठी काका आणि गिरणीत हजेरीच्या वेळी केवळ एक नंबर होते. त्यांना वेगळ्या नावाने हाक मारणारे निदान एक तरी माणूस आले नाही, तर आपण सारे एकमेकांना ठाऊक असलेलेच सांगत बसू.

यानंतरचे काम कागदांचे, आणि त्याला मी सर्वांत जास्त वेळ देतो आहे. पगाराच्या चिठ्ठ्या, बँकेचे पासबुक, भविष्य निर्वाह निधीचा उतारा, खोलीच्या भाड्याच्या पावत्या आणि जुने रेशनकार्ड एका पिशवीत एकत्र करावे. आमच्या रेशनकार्डावर एकेकाळी अकरा नावे होती. ती वाचल्यावर दहा बाय बाराच्या खोलीत कोणकोणते काका कोणत्या साली राहून गेले, कोणाचे नाव लग्नानंतर कमी झाले आणि कोण पहिल्यांदा कल्याणला वेगळे राहायला गेले, हे कोणालाही न विचारता कळले. माणसे साल विसरतात, कागद विसरत नाही. मात्र कागद पुढे ठेवायचा तो बोलायला सुरुवात व्हावी म्हणून. समोरच्याला खोटे पाडण्यासाठी नव्हे.

फोटोंच्या बाबतीत घाई करू नये. चिकट पानांच्या अल्बममध्ये वर्षानुवर्षे राहिलेला फोटो ओढून काढल्यास फाटतो, म्हणून तो पानासकटच खिडकीजवळ, फ्लॅश न लावता मोबाइलवर टिपावा. सुट्या फोटोंच्या मागे नावे लिहावीत ती मऊ पेन्सिलीने, कारण बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला उमटतो. प्रती दोन कराव्यात आणि त्या दोन वेगवेगळ्या घरांत ठेवाव्यात. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्या रात्री कुर्ल्याच्या मावशीची ट्रंक पाण्याखाली गेली आणि बाबांच्या लग्नाचे सगळे फोटो एकमेकांना चिकटून त्यांची एक वीट झाली.

प्रश्न आधीच लिहून काढावेत. ‘बाबा कसे होते?’ असे विचारल्यास ‘फार चांगला माणूस’ एवढेच उत्तर येते. त्याऐवजी रात्रपाळीहून आल्यावर ते कुठे झोपत, डबा कोण भरत असे, कोणावर रागावल्यावर किती दिवस बोलत नसत, असे विचारावे. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपाबद्दल वेगळे पान ठेवावे. आई म्हणते, त्या काळात बाबांनी दादरला भाजी विकली. काका म्हणतात, ते शिमग्यापासून गावीच होते. दोघांनाही आपापल्या सांगण्याची खात्री आहे. अशा ठिकाणी निवाडा न करता दोन्ही हकिकती सांगणाऱ्याच्या नावासह उतरवून घ्याव्यात आणि कोणी मध्येच ‘तसं नव्हतं’ म्हणाल्यास त्याला त्याची पाळी आल्यावर बोलायला सांगावे. हे काम तोंडाळ असूनही सर्वांना आवडणाऱ्या एखाद्या वहिनीकडे सोपवावे.

ध्वनिमुद्रणासाठी मोबाइल विमान मोडवर ठेवावा, पंखा बंद करावा आणि तेवढा वेळ कुकर लावू नये. प्रत्येकाने सुरुवातीला आपले नाव आणि बाबांशी असलेले नाते सांगावे. वीस वर्षांनी ऐकणाऱ्याला आवाज ओळखू येईलच असे नाही.

जुन्या कॅसेट असल्यास त्या वाजवण्यापूर्वी कॅसेटच्या मागच्या कडेची दोन बारीक प्लॅस्टिकची टोके मोडून टाकावीत, म्हणजे चुकून लाल बटण दाबले गेले, तरी आवाज पुसला जात नाही. आमच्याकडे अशी एकच कॅसेट आहे, १९८१ सालची, मस्कतला असलेल्या काकांना पाठवण्यासाठी भरलेली आणि काही कारणाने न पाठवलेली. बाबा त्यात घरच्या दुरुस्तीचा खर्च सांगत आहेत. मध्येच गिरणीचा भोंगा होतो, तो संपेपर्यंत ते थांबतात आणि पुढे ‘तर कौलांचे झाले’ असे म्हणून हिशेब चालू ठेवतात. अशी वस्तू सर्वांसमोर अचानक लावू नये. ज्यांच्या मनाला ती सर्वांत जास्त लागणार, त्यांना आधी एकट्याने ऐकवावी. मी आईला ऐकवली. भोंग्यापर्यंत तिने ऐकली, हाताने बंद करण्याची खूण केली आणि चहा टाकायला उठली. रविवारी ती कॅसेट लावायची की नाही, हे तिने अद्याप सांगितलेले नाही. तोपर्यंत यादीतील ती ओळ मी कोरी ठेवली आहे.