कॉर्डलेस फोन वापरताय? या चुका टाळा

सोलापुरात फोन दुरुस्तीला कुठंही गेलो की पहिला प्रश्न ठरलेला : "काका, यानं कॅन्सर होतो म्हणे?" विचारणाऱ्याच्या पलंगाकडं बघावं, तर फोनचा बेस, म्हणजे हँडसेट ठेवायची बैठक, उशीला खेटून ठेवलेला!

2011 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं रेडिओलहरी '2बी' गटात टाकल्या. या गटाचा अर्थ 'कदाचित कर्करोगकारक'. पुरावा मर्यादित आहे, धोका सिद्ध झालेला नाही. एवढ्यावरून घाबरून फोन फेकायचं कारण नाही, पण तो उशाशी ठेवायचंही नाही. डेक्ट या डिजिटल कॉर्डलेस जातीच्या फोनचा बेस कोणी बोलत नसतानाही सेकंदाला 100 वेळा लहरी सोडतो. ताकद अगदी कमी असते आणि अंतर दुप्पट केलं की तीही साधारण चौथाईवर येते. म्हणून मी बेस हॉलमधल्या फळीवरच बसवतो, कुणी कितीही आग्रह केला तरी. 'इको मोड', म्हणजे लहरी कमी करणारी सेटिंग, असेल तर तोही चालू करून देतो.

लहरी अडवायला म्हणून बेसला चांदीचा कागद गुंडाळू नका. आवाज तुटायला लागतो, मग तोच बेस लोक आणखी जवळ ओढतात. रेडिएशन अडवणारे स्टिकर म्हणजे पैसे पाण्यात.

पेसमेकर असेल तर हँडसेट छातीच्या खिशात नको. पेसमेकरपासून निदान 15 सेंटिमीटर लांब आणि दुसऱ्या बाजूच्या कानाला धरा.

आता सेल. रेडिएशनच्या भीतीपायी ज्याच्याकडं कुणाचंच लक्ष जात नाही, ते हे. साखर पेठेतल्या एका आजींचा फोन बंद पडला. नातवानं कोपऱ्यावरच्या दुकानातून साधे बारीक सेल आणून घातले, "चालतंय की" म्हणाला आणि हँडसेट बेसवर ठेवून दिला. बेस हँडसेटला चार्ज करतो, आणि साधे सेल चार्ज करायचे नसतात. त्यात मे महिना. आठवड्याभरात सेल फुगून पाझरले. झाकणाच्या फटीतून पांढरी पूड आली, ती आजींनी पदरानं पुसली आणि त्याच हातानं डोळा चोळला. ती पूड दाहक असते. मी पोचलो तेव्हा डोळा लालबुंद, पाणी थांबेना. नळाखाली पंधरा-वीस मिनिटं डोळा धुतला, मग डॉक्टरांकडं नेलं. डोळा वाचला. पण पाच मिनिटांची घाई नडली, ती कुणाला? पोराला नाही, आजींना!

सेलवर 'रिचार्जेबल', 'एनआय-एमएच' (Ni-MH, चार्ज होणाऱ्या सेलचा प्रकार) आणि 1.2 व्होल्ट वाचूनच घ्या. दोन्ही एकदमच बदला, जुना-नवा असली जोडी लावू नका. पाझरलेल्या सेलला उघडा हात नको. दुरुस्ती झाली की झाकणाच्या आत मी मार्करनं लिहितोच : 'साधे सेल नकोत'.

मान वाकडी करून, फोन खांद्यात धरून तासभर बोलणाऱ्यांनी स्पीकर लावावा.

घरात म्हातारं माणूस एकटं राहत असेल, तर आणखी एक. लाइट गेली की बेस मेला, मग 108 ला फोन कसा लावणार? तांब्याच्या तारेची लाइन असेल तर एक साधा वायरचा फोन जोडून ठेवा. त्याला वीज एक्स्चेंजमधून येते. फायबर असेल तर मोडेम आणि बेस, दोन्हींना छोटा बॅकअप लावा. बसवल्यावर मेन स्विच पाडून एक फोन लावून बघा. माझ्यासमोर हे केल्याशिवाय मी त्या घरातून निघत नाही.