पावसाळ्यापूर्वी ग्रामपंचायतीकडून होणाऱ्या या चुका टाळा

मे महिन्याच्या अखेरीस तहसील कार्यालयात मान्सूनपूर्व आढावा बैठक होते. तिच्या आदल्या दिवशी अनेक ग्रामपंचायतींत मागच्या वर्षीचा आपत्ती व्यवस्थापन आराखडा उघडला जातो आणि त्यावरचे वर्ष तेवढे बदलले जाते. ग्रामसेवक म्हणून काम करताना मीही हे केले आहे. एका वर्षी आराखड्यातील पट्टीच्या पोहणाऱ्यांची यादी बैठकीत मोठ्याने वाचली, तेव्हा शेजारी बसलेल्या कोतवालांनी हळूच सांगितले की तिसऱ्या क्रमांकाचे गृहस्थ वारून दोन वर्षे झाली. त्यानंतर यादीतल्या प्रत्येकाला समक्ष भेटल्याशिवाय मी आराखड्यावर सही केली नाही. या कामाला एक दिवस पुरतो.

नदीवर लक्ष, नाल्याकडे पाठ

पूर म्हटला की विदर्भात मोवाड आठवते. ३० जुलै १९९१ रोजी वर्धा नदीच्या पुराने नरखेड तालुक्यातील त्या गावात २०४ जणांचा बळी घेतला. त्यामुळे आपले आराखडे मोठ्या नदीभोवती फिरतात, आणि ज्या गावाला नदी नाही ते गाव स्वतःला सुरक्षित समजते. प्रत्यक्षात गावाला लागून वाहणारा, उन्हाळ्यात पोरे ज्यात क्रिकेट खेळतात तो कोरडा नालाच रात्रीतून घरात शिरतो. हिशेब करून पाहावा : नाल्याचे पाणलोट क्षेत्र १०० हेक्टर असेल आणि त्यावर ६५ मिलिमीटर पाऊस पडला, तर साडेसहा कोटी लिटर पाणी होते. काळी जमीन आधीच भिजलेली असली तर त्यातले बरेचसे पाणी थेट नाल्यात उतरते, आणि पांदण रस्त्यावरच्या मोरीत कपाशीच्या पऱ्हाट्या अडकलेल्या असतील तर ते गावाकडे वळते.

नालेसफाई होते, पण काढलेला गाळ काठावरच टाकला जातो आणि पहिल्या दमदार पावसात तो पुन्हा नाल्यात येतो. गाळ कोठे टाकायचा हे आधी ठरलेले नसेल, तर त्या सफाईचे बिल निघते, उपयोग होत नाही. सफाईही गावाजवळून सुरू न करता खालच्या अंगाने, म्हणजे पाणी जिकडे निघून जाते तिकडून वर करत यावी.

नदीकाठच्या गावांची आणखी एक अडचण असते. नदी भरली की ती नाल्याला दाब देते, नाल्याचे पाणी पुढे जात नाही आणि मागे पसरते. गडचिरोलीतल्या भामरागडला इंद्रावतीच्या दाबाने पर्लकोटा नदी फुगते आणि गावाचा संपर्क तुटतो, हे दर पावसाळ्यात दिसते. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेला पूर आला तो मुख्यतः मध्य प्रदेशातल्या पावसाने. गोसीखुर्द धरणाचे सर्व ३३ दरवाजे उघडावे लागले आणि भंडाऱ्यापासून ब्रह्मपुरी, गडचिरोलीपर्यंतची गावे पाण्याखाली गेली. आपल्या शिवारात पाऊस नाही म्हणून निर्धास्त राहणे किती महागात पडते, हे तेव्हा दिसले. धरणातून इतके क्युमेक्स (सेकंदाला घनमीटर) विसर्ग सुरू असल्याचा संदेश येतो, पण त्या आकड्याने गावकऱ्याला काहीच कळत नाही. पाटबंधारे विभागाकडून दोनच गोष्टी विचारून ठेवाव्यात : पाणी आपल्या गावापर्यंत यायला किती तास लागतात, आणि किती विसर्गाला ते कोणत्या घरापर्यंत येते. मागच्या पुराची पातळी शाळेच्या किंवा समाजमंदिराच्या भिंतीवर रंगवून ठेवली, तर सभेत वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

मामा तलावाची सलंग अडवणे

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोलीत माजी मालगुजारी तलाव आहेत. धानाला पाणी हवे म्हणून जादा पाण्याची वाट असलेली सलंग मातीच्या पोत्यांनी उंच करण्याची सवय अनेक गावांना आहे. मासेमारीचा ठेका असेल, तर मासळी वाहून जाऊ नये म्हणून सलंगीवर बांबूचे ताटवे किंवा जाळी लावली जाते. पावसात त्यात पालापाचोळा अडकतो, पाणी तुंबते आणि पाळीवरून वाहू लागते. मातीची पाळ एकदा वरून वाहू लागली की ती कापली जायला फार वेळ लागत नाही. यात मासेमार किंवा शेतकऱ्याला दोषी धरण्यापेक्षा आधी बोलून घेणे बरे : मुसळधार पावसाचा इशारा आला की जाळी कोण काढणार, त्याचे नाव ग्रामसभेच्या ठरावात लिहावे. पाळीवर खेकड्यांची बिळे, झाडांची मुळे आणि पायथ्याशी झिरपणारे पाणी पाहावे. झिरप स्वच्छ असेल तर नजर ठेवावी. ती गढूळ झाली, तर पाळीतली माती वाहून जात आहे असे समजून खालची घरे रिकामी करावीत आणि जिल्हा नियंत्रण कक्षाला १०७७ वर कळवावे.

इशारा मोबाइलवरच सोडून देणे

नागपूरच्या प्रादेशिक हवामान केंद्राचा इशारा जिल्ह्यापुरता असतो. चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटरपासून पुढे मुसळधार, ११५.६ पासून अति मुसळधार आणि २०४.४ च्या वर अत्यंत मुसळधार, अशी वर्गवारी आहे. हा संदेश ग्रामपंचायतीच्या व्हॉट्सॲप गटावर टाकला म्हणजे काम झाले असे आपण मानतो. वीज गेली की काही तासांत टॉवर बंद पडतो, आणि नाल्याकाठच्या शेवटच्या चार घरांत बहुधा साधा फोन असतो. दवंडी, मंदिराचा भोंगा आणि घरोघरी जाणारा माणूस यांना पर्याय नाही. गरोदर महिला, अंथरुणाला खिळलेले वृद्ध आणि अपंग व्यक्ती कोणत्या घरात आहेत, ही यादी आशाताईंकडे असते. ती त्यांच्याकडून आधीच मागून घ्यावी.

निवाऱ्याची जागा ठरवतानाही अशीच गफलत होते. एका गावात रात्री दीड वाजता आम्ही तीस-पस्तीस माणसे शाळेपाशी नेली, तर किल्ली मुख्याध्यापकांकडे, मुख्याध्यापक तालुक्याच्या ठिकाणी आणि मधला रपटा (नाल्यावरचा ठेंगणा पूल) पाण्याखाली. पोलीस पाटलांनी दगडाने कुलूप तोडले. आत गेल्यावर कळले की हापशी खालच्या अंगाला आहे आणि तिच्या ओट्याला पाणी लागले आहे. तेव्हापासून दुसरी किल्ली गावातच राहते आणि इशारा आला की पिण्याच्या पाण्याच्या टाक्या आधी भरल्या जातात. राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची तुकडी नागपूरला आहे. ती पोहोचेपर्यंतचे तास गावालाच काढावे लागतात.

रपट्याबद्दल थोडक्यात : त्यावर गुडघाभर पाणी जोरात वाहत असेल, तर धडधाकट माणसाचाही पाय उचलला जातो. फलक लावल्याने कोणी थांबत नाही. दोन्ही टोकांना साखळी आणि माणूस हवा.

दरडीचे पान आराखड्याच्या नमुन्यात आहे म्हणून सगळेच भरतात. मेळघाटातले चिखलदऱ्याचे घाटरस्ते आणि वणी, राजुरा पट्ट्यातील खाणींच्या मातीच्या ढिगाऱ्यांखालची वस्ती सोडली, तर बहुतेक गावांनी ते कोरे ठेवावे. दरडीचा धोका असलेल्या गावांत मात्र उतारावरच्या नव्या भेगा आणि कललेली झाडे दर आठवड्याला पाहावीत.

पाणी ओसरल्यावरची घाई

पूर उतरला की विहिरीत ब्लीचिंग पावडर टाकतात, पण ती वर्षभर उघड्या पोत्यात पडलेली असते. क्लोरीनचे प्रमाण २० टक्क्यांखाली गेलेली पावडर वापरू नये. बुडालेली विहीर आधी उपसावी, मगच औषध टाकावे.

नुकसानीच्या बाबतीत शेतकऱ्याची चूक वेगळी असते. महसूल मंडळात अतिवृष्टीची ६५ मिलिमीटर नोंद झाली नाही म्हणजे काहीच मिळणार नाही, असे समजून तो अर्जच करत नाही. नाल्याच्या पुराने पीक बुडाले किंवा वावर खरडून गेले, तर तशी मागणी लेखी द्यावी. पिकासाठी ३३ टक्के नुकसानीची अट असते, खरडलेल्या जमिनीची मदत वेगळी असते. फोटो धुरा (शेताचा बांध) दिसेल असा काढावा, आणि वावर सपाट करण्यापूर्वी काढावा. बैल वाहून मेला तर दुर्गंधीमुळे लोक संध्याकाळपर्यंत पुरून टाकतात, आणि नंतर पंचनाम्याला काहीच उरत नाही. पुरण्यापूर्वी पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांना बोलवावे. रस्ता बंद असेल, तर तलाठ्यांना फोन करून पोलीस पाटलांसमोर कानातील बिल्ल्याच्या क्रमांकासह फोटो काढावा आणि मगच खड्डा खणावा.