आधी पाय, मग श्वास, मग शब्द

मी नाटकातल्या मुलांना आवाज आणि वावर शिकवतो. हल्ली रंगमंचाशी काही संबंध नसलेले पुरुषही येतात. कुणाला मीटिंगमध्ये घाम फुटतो, कुणाला चारचौघांत बोलूच देत नाहीत. बहुतेकांची मागणी एकच: "सर, जरा वजन पडलं पाहिजे." मग कुठेतरी पाहिलेलं करून दाखवतात. छाती पुढे, हात कमरेवर, आवाज चढा.

हे आधी सोडून द्या. दोन मिनिटं ऐटीत उभं राहिलं की शरीरातली संप्रेरकं बदलतात, असा दावा 2010 सालच्या एका छोट्या प्रयोगातून पुढे आला आणि फार गाजला. 2015 साली दोनशे जणांवर तो पुन्हा करून पाहिला, तर संप्रेरकांत तसा फरक आढळला नाही. मूळ संशोधकांपैकी डेना कार्नी यांनी 2016 मध्ये जाहीरच केलं की या परिणामावर आपला आता विश्वास नाही. शिवाय उसनी ऐट समोरच्याला पाच मिनिटांत कळते. मला विचाराल तर अंगात जी घाई मुरलेली असते ती काढायची, बास.

पायांपासून सुरू करा. बावरलेला माणूस गुडघे मागे ताणून उभा राहतो, नाहीतर या पायावरून त्या पायावर झुलत राहतो. पावलांत कमरेएवढं अंतर ठेवा, गुडघे किंचित सैल, वजन टाचा आणि चवडे दोन्हींवर. हातांचं काय करायचं, हे प्रत्येक जण विचारतो. काहीही करू नका, लोंबू द्या. तुम्हालाच ते अवघड वाटतं. मानसशास्त्रज्ञ थॉमस गिलोविच आणि सहकाऱ्यांनी 2000 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना लाज वाटेल असा टी-शर्ट घालून खोलीत पाठवलं होतं. निम्म्या लोकांनी तरी तो पाहिला असेल, असा त्यांचा अंदाज. प्रत्यक्षात साधारण चौथ्या हिश्श्यानेच पाहिला. खिशातल्या किल्ल्यांची खुळखुळ मात्र सगळ्यांना ऐकू येते, तेवढी थांबवा.

श्वासाचं जरा नीट समजून घ्या. 'खोल श्वास घे' म्हटलं की माणसं खांदे वर उचलून छाती भरतात आणि आणखीच ताठरतात. श्वास घेताना हृदयाचे ठोके किंचित वाढतात, सोडताना मंदावतात. म्हणून आधी सगळा श्वास सोडा. मग नाकाने चार आकडे मोजेपर्यंत आत घ्या, सहा मोजेपर्यंत हळूहळू बाहेर. मिनिटाला सहाच्या आसपास श्वास होतात. दाराबाहेर उभं राहून एक-दोन मिनिटं केलं तरी पुरे. कुणाला पत्ताही लागत नाही. मग दार उघडा, आत या, दार लावून घ्या आणि त्यानंतर बोला. हे सगळं एकदम करणारा माणूस आत येतानाच माफी मागत असल्यासारखा दिसतो.

आवाज मुद्दाम जाड करू नका. घसा दुखतो आणि खोटं वाटतं. ताणामुळे घशाचे स्नायू आवळतात, म्हणून आवाज वर चढतो. ताण सैल झाला की तो आपोआप आपल्या जागी येतो. ओठ मिटून 'म्म्म' असा गुणगुणा, तळहात छातीवर ठेवा, कंप जाणवतो का पाहा. त्याच पट्टीत बोला.

माझा खरा भर असतो तो वाक्याच्या शेवटावर. मराठीत क्रियापद सहसा शेवटी येतं आणि घाईतला माणूस नेमकं तेच गिळतो. "हे काम मी शुक्रवारपर्यंत..." यापुढे पुटपुट. देणार आहे की देऊ शकत नाही? शेवटचा शब्द पहिल्याइतकाच स्पष्ट उच्चारा, तोंड मिटा, थांबा. वाक्य संपल्यावर उगाच हसू नका. ही सवय माझ्याकडे येणाऱ्या पुरुषांत फार दिसते, आणि ती ऐकणाऱ्याला सांगते की आत्ताचं बोलणं मनावर घेऊ नका.

कुणी मधेच तोडलं तर आवाज चढवायचा नाही. ज्याच्याशी बोलत होतात त्याच्याकडेच पाहत, त्याच वेगाने, चालू वाक्य पुरं करा. तरीही जमलं नाही तर, "माझं एक वाक्य राहिलंय." आणि खरोखर एकच वाक्य बोला! तिथे चार बोललात तर पुढच्या वेळी कुणी थांबणार नाही.

नजरेबद्दल फार डोकं लावू नका. ऐकताना समोरच्याकडे पाहा, बोलताना इकडेतिकडे गेली तरी चालते. कपडे खांद्यावर नीट बसणारे असले की झालं.

रोज एक पान उभं राहून मोठ्याने वाचा आणि फोनवर रेकॉर्ड करा. स्वतःचा आवाज पातळ, परका वाटेल. एरवी तो आपल्याला हाडांमधूनही ऐकू येत असतो, रेकॉर्डिंगमध्ये तो भाग नसतो. त्यामुळे पहिल्यांदा ऐकून सोडून द्या, दुसऱ्यांदा ऐकताना फक्त क्रियापदांकडे कान द्या.