शांघायमध्ये पैसे अडले तेव्हा

सिंगापूरला नोकरी करताना चार दिवसांची सुट्टी जोडून आली, म्हणून मी नि बायको शांघायला गेलो. पुडाँग विमानतळावरून २ नंबरच्या मेट्रोने नानजिंग पूर्व रस्त्याला उतरलो. पोटात कावळे ओरडत होते. मागच्या गल्लीत एक आजी वाफाळते बाओझी (सारण भरलेले वाफवलेले पाव) विकत होत्या. भाजीचे दोन घेतले. माझ्या हातात कार्ड, त्यांच्याकडे काचेवर चिकटवलेला क्यूआर कोड. फोनमध्ये अलीपे हे चिनी पेमेंट अ‍ॅप होतं, पण पैसे काही केल्या जाईनात.

माझी ओळख पडताळणी राहिली होती. पासपोर्टचा फोटो चढवला, नाव पासपोर्टवर आहे अगदी तसंच लिहिलं, बँकेच्या अ‍ॅपमध्ये परदेशी व्यवहार चालू केले. मग पैसे गेले. आजी तोवर शांत उभ्या होत्या. वर गरम पाण्याचा पेलाही पुढे केला. फार बरं वाटलं.

हे सगळं घरूनच करून निघा. एका खरेदीत २०० युआनच्या वर गेलात तर अलीपेला जोडलेल्या परदेशी कार्डाला ३ टक्के जादा पडतात, म्हणून हॉटेलचं बिल आम्ही थेट कार्डानेच भरलं. सिंगापूरच्या रोमिंगवर गूगल मॅप्स उघडलं, पण आपला ठिपका भलत्याच गल्लीत दिसायचा. चालताना अ‍ॅमॅप हे चिनी नकाशांचं अ‍ॅपच बरं.