रिलीज स्क्रिप्ट सांभाळताना या चुका टाळा

सोलापुरात मुक्तस्रोत प्रकल्प सांभाळणारे बहुतेक जण कॉलेज किंवा नोकरी करून उरलेल्या वेळात हे काम करतात, त्यामुळे रिलीजही (सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती) रात्रीच निघतं. जेवणं उरकल्यावर कुणीतरी लॅपटॉप उघडतं, रिलीजच्या सगळ्या पायऱ्या ओळीनं करणारी स्क्रिप्ट सुरू करतं आणि मध्येच लाइट जाते. वायफाय बंद. टॅग (कोडचा इतिहास ठेवणाऱ्या गिटमधली आवृत्तीची खूण) गिटहबवर, म्हणजे कोड ठेवायच्या साइटवर, पोचलाय, पायपीआयवर (पायथन पॅकेजांचं भांडार) व्हील, म्हणजे इन्स्टॉलला तयार फाइल, चढलंय, सोर्सचा टारबॉल (मूळ कोडची एकत्र बांधलेली फाइल) मात्र राहिलाय. इथून पुढं काय करायचं, हे स्क्रिप्टला माहीत असायला हवं. बऱ्याच स्क्रिप्टना ते माहीत नसतं आणि सगळ्यांत महाग पडणारी चूक हीच आहे.

दुसऱ्यांदा चालवता न येणारी स्क्रिप्ट

अशा वेळी टॅग डिलीट करून सगळं पहिल्यापासून करावंसं वाटतं. तसं करू नका. टॅग एकदा बाहेर गेला की कुणी ना कुणी तो घेतलेला असतो. त्याच नावाचा नवा टॅग केलात तरी त्यांच्याकडं जुनाच राहतो, आणि १.४.० या एकाच नावानं दोन वेगळे कोड फिरायला लागतात. पायपीआय तर तडजोडच करत नाही. तिथं चढलेली फाइल डिलीट केली तरी ते नाव पुन्हा वापरता येत नाही. एनपीएमवरही (जावास्क्रिप्ट पॅकेजांचं भांडार) वापरलेला आवृत्ती क्रमांक परत मिळत नाही.

यंत्रमागावर धागा तुटला की विणकर तो जोडतो आणि तिथूनच पुढं विणतो. झालेलं कापड उसवत नाही. स्क्रिप्टनंही तसंच वागावं. प्रत्येक पायरीआधी तिनं तपासावं की हे काम आधीच झालंय का. टॅग असेल आणि याच कमिटवर (कोडच्या नोंदवलेल्या स्थितीवर) असेल तर पुढं जावं. दुसऱ्या कमिटवर असेल तर स्पष्ट संदेश देऊन थांबावं. चढलेल्या फाइली वगळून उरलेल्याच पाठवण्यासाठी ट्वाइन या पायपीआयवर फाइली चढवणाऱ्या साधनात ‘स्किप एक्झिस्टिंग’ हा पर्याय आहे. ब्रँच (कोडची शाखा) आणि टॅग एकाच पुशमध्ये (गिटहबवर पाठवताना) ‘अ‍ॅटॉमिक’ लावून पाठवा, म्हणजे दोन्ही जातील किंवा एकही जाणार नाही. आणि दुसऱ्या खेपेला बिल्ड (कोडमधून फाइली तयार करणं) पुन्हा करू नका. पहिल्या वेळच्याच फाइली चढवा, नाहीतर व्हील एका बिल्डचं आणि टारबॉल दुसऱ्याचा, अशी गत होते.

क्रमही नीट लावा. जे मागं घेता येतं ते आधी, जे येत नाही ते शेवटी: टेस्ट, बिल्ड, कोऱ्या व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटमध्ये (पायथनच्या वेगळ्या, रिकाम्या जागेत) इन्स्टॉल करून पाहणं, मग टॅग आणि अगदी शेवटी अपलोड. पायपीआयवर खराब आवृत्ती गेलीच तर डिलीट न करता ‘यँक’ करा, म्हणजे मागं घेतल्याची खूण लावा. पिप (पायथन पॅकेज इन्स्टॉल करणारं साधन) ती आपणहून निवडत नाही, पण ज्यांनी नेमका तोच क्रमांक लिहून ठेवलाय त्यांचं काम अडत नाही. मग दुरुस्ती करून पुढचा क्रमांक काढा.

“माझ्याकडं चालतंय की”

हे वाक्य ऐकलं की आधी तारीख तपासा. सोलापुरात रात्री दीडला तारीख बदललेली असते, पण गिटहबचा रनर (स्क्रिप्ट चालवणारं त्यांचं मशीन) यूटीसीवर, म्हणजे आपल्या साडेपाच तास मागं असलेल्या जागतिक वेळेवर, चालतो आणि त्याच्या लेखी आपल्या पहाटे साडेपाचपर्यंत कालचाच दिवस असतो. चेंजलॉगमध्ये (बदलांच्या यादीत) एक तारीख आणि पॅकेजमध्ये दुसरी, असा घोळ इथूनच येतो. लिनक्स मराठीत लावलं असेल तर ‘डेट’ कमांड महिन्याचं नावही मराठीत देते, आणि पुढची ओळ इंग्रजी नावाची वाट बघत असते. स्क्रिप्टच्या सुरुवातीलाच लोकेल (भाषेची सेटिंग) ‘सी’ आणि वेळ यूटीसी ठरवून टाका, आणि तारीख वर्ष-महिना-दिवस अशी आकड्यांतच ठेवा.

बाकीचे फरक पटकन सांगतो. मॅकवरच्या ‘सेड’ला (फाइलमधला मजकूर बदलणारी कमांड) जागेवर बदल करताना बॅकअपचा प्रत्यय वेगळा द्यावा लागतो, आणि तिथला मूळ बॅश (स्क्रिप्ट चालवणारं शेल) अजून ३.२ या जुन्या आवृत्तीचा आहे. विंडोजवर सेव्ह केलेल्या स्क्रिप्टमध्ये ओळीअखेर जादा अक्षर राहतं. गिटअ‍ॅट्रिब्यूट्समध्ये ओळीअखेर कशी असावी याचा नियम लिहिला की प्रश्न मिटतो. रनरवर ‘गिट डिस्क्राइब’ला (टॅगवरून आवृत्ती सांगणारी कमांड) टॅग सापडत नसेल, तर चेकआउट फक्त शेवटचा कमिट आणतंय, पूर्ण इतिहास मागवा. साध्या सॉर्टमध्ये १.१० हा क्रमांक १.९ च्या आधी येतो, तेव्हा आवृत्तीचा सॉर्ट वापरा.

‘सेट ई’वर विसंबणं

वर ‘सेट ई’ लिहिलं की चूक झाल्यावर स्क्रिप्ट थांबेल, असा समज असतो. तो अर्धाच खरा आहे. एखादं फंक्शन ‘इफ’च्या अटीत बोलावलं तर त्याच्या आत हे बंधन लागू होत नाही. ‘लोकल’ लिहून त्याच ओळीत कमांडचं उत्तर साठवलं तर कमांड फसलेली कळतच नाही; घोषणा एका ओळीत आणि किंमत दुसऱ्या ओळीत लिहा. पाइपमधली (एकीचं उत्तर दुसरीला देणाऱ्या कमांडच्या साखळीतली) आधीची कमांड पडल्याचं कळावं म्हणून ‘पाइपफेल’ही लागतं.

रिकाम्या व्हेरिएबलची भीती तर खरीच बाळगा. २०१५ मध्ये लिनक्सवरच्या स्टीम या गेम चालवणाऱ्या अ‍ॅपच्या एका स्क्रिप्टमध्ये फोल्डरचं नाव रिकामं राहिलं आणि पुढच्या ‘आरएम’ या पुसण्याच्या कमांडनं वापरकर्त्यांच्या फाइली पुसल्या. डिलीट करणाऱ्या प्रत्येक ओळीआधी नाव भरलेलं आहे ना, हे तपासा. स्क्रिप्टमधल्या चुका दाखवणारं शेलचेक प्रत्येक बदलावर चालवा.

टारबॉल हातानं बांधणं

लॅपटॉपवरच्या फोल्डरचा टारबॉल बांधला की त्यात काय काय जाईल याचा नेम नसतो. मार्च २०२४ मध्ये उघड झालेल्या एक्सझेड या फाइली दाबून लहान करणाऱ्या साधनाच्या ५.६.० आणि ५.६.१ मधल्या प्रकरणात, बिल्डच्या वेळी घातक कोड जागा करणारा तुकडा टारबॉलमध्ये होता, गिटमध्ये नव्हता. म्हणून टारबॉल टॅगवरूनच, रनरवर तयार होऊ द्या.

सगळ्या चाव्या एकाच माणसाकडं

आपल्याकडं ही अडचण दरवर्षी येते. पोरं पास होतात, पुण्याला नोकरीला जातात, आणि अपलोडचं टोकन त्यांच्याच लॅपटॉपवर राहतं. पायपीआयनं २०२४ पासून द्विस्तरीय पडताळणी सक्तीची केली आहे, त्यामुळं नुसता पासवर्ड सांगूनही भागत नाही. पायपीआयचं ‘ट्रस्टेड पब्लिशिंग’ लावा. मग गिटहबचं वर्कफ्लो थोड्या वेळाचं टोकन स्वतः मिळवतं आणि कुणाच्या लॅपटॉपवर काही ठेवावं लागत नाही. प्रकल्पावर किमान दोन मालक ठेवा. पुढचं रिलीज अशा माणसाला काढू द्या ज्यानं स्क्रिप्ट लिहिलेली नाही. आधी टेस्टपायपीआयवर (सरावाच्या पायपीआयवर) काढा, शेजारी बसा, पण कीबोर्डला हात लावू नका. तो जिथं अडेल आणि विचारेल, ती प्रत्येक गोष्ट त्याच दिवशी स्क्रिप्टमध्ये किंवा रीडमीमध्ये लिहून काढा.