स्टुडिओ फ्लॅश आणि लाइट मीटर : एक्स्पोजर अचूक कसे साधावे

स्टुडिओतील फ्लॅश इतका क्षणिक असतो की त्याची तीव्रता डोळ्यांना जोखता येत नाही, आणि कॅमेऱ्याच्या पडद्यावरचे छायाचित्र पाहून अंदाज बांधावा, तर त्या पडद्याची उजळी कमीजास्त केली की अंदाजही बदलतो. शिवाय कॅमेऱ्यातील मीटर वस्तूवरून परतलेला प्रकाश मोजतो आणि समोरचे सारे मध्यम करड्या छटेचे आहे असे गृहीत धरतो. त्यामुळे त्याच्या भरवशावर राहिल्यास पांढरा सदरा मळकट आणि काळा कोट राखाडी उतरण्याचा धोका असतो. हातात धरायच्या मीटरवरील पांढरा घुमट वस्तूवर पडणारा प्रकाश मोजतो, म्हणून वर्ण सावळा आहे की गोरा, किंवा साडीला जर किती आहे, याने त्याचे माप बिघडत नाही.

सॉफ्टबॉक्स (प्रकाश पसरवून मऊ करणारी कापडी पेटी) लावलेला एक मुख्य दिवा आणि सावल्या सौम्य करणारा एक पूरक दिवा, अशा मांडणीत एका व्यक्तीचे छायाचित्र घ्यायचे आहे असे समजू. कॅमेरा मॅन्युअलवर ठेवून आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाला असलेली संवेदनक्षमता) १०० आणि शटर १/१२५ सेकंद ठरवावे व हेच आकडे मीटरमध्ये भरावेत. शटर उघडे असतानाच फ्लॅश पेटून विझतो, त्यामुळे सिंक मर्यादेच्या (फ्लॅशशी जुळणाऱ्या शटरच्या कमाल वेगाच्या) आत शटरचा वेग बदलल्याने फ्लॅशचा प्रकाश बदलत नाही. बदलतो तो फक्त खोलीतील इतर प्रकाशाचा वाटा. म्हणूनच सुरुवातीला, अॅपर्चर (लेन्समधील छिद्र; एफचा आकडा जितका मोठा तितके ते लहान) एफ/८ ठेवून, फ्लॅश न पेटवता एक छायाचित्र घ्यावे. ते जवळजवळ काळे आले नाही, तर खिडकीचा किंवा ट्यूबलाइटचा उजेड रंगांत मिसळत आहे, असे समजून पडदे ओढावेत.

आता मीटर फ्लॅश मोडवर घेऊन फक्त मुख्य दिवा चालू ठेवावा. मीटर चेहऱ्यालगत, हनुवटीपाशी धरावा आणि आपल्याच अंगाची सावली घुमटावर पडू देऊ नये. ट्रिगरने फ्लॅश उडवला की मीटर अॅपर्चर दाखवतो. आपल्याला एफ/८ हवे असून मीटरने एफ/११ दाखवले, तर प्रकाश एक स्टॉप जास्त, म्हणजे दुप्पट आहे, म्हणून दिव्याची शक्ती निम्मी करावी. शक्ती कमी केल्यावर काही दिव्यांत आधीचा विद्युतभार शिल्लक राहतो. म्हणून एकदा फ्लॅश रिकामा उडवून मगच पुन्हा माप घ्यावे. अनेक मीटरांवर ८ च्या शेजारी बारीक अक्षरांत ५ दिसतो; तो एफ/८.५ नसून ८ च्या पुढे अर्धा स्टॉप, म्हणजे सुमारे एफ/९.५ असतो.

पूरक दिवा मुख्य दिवा बंद करून स्वतंत्रपणे मोजावा. मुख्य दिव्याचे माप एफ/८ आणि पूरकाचे एफ/४ आले, तर पूरकाचा प्रकाश मुख्य दिव्याच्या एक चतुर्थांश आहे. घुमट कॅमेऱ्याकडे धरावा की दिव्याकडे, यावर छायाचित्रकारांत जुना वाद आहे. माझ्या मते दिव्यांचे परस्पर प्रमाण ठरवताना घुमट त्या त्या दिव्याकडे धरावा, आणि शेवटी दोन्ही दिवे एकत्र उडवून, घुमट कॅमेऱ्याकडे वळवून जे माप येईल, तेच कॅमेऱ्यावर लावावे.

पार्श्वभूमी शुभ्र हवी असेल, तर तिच्यासाठी वेगळे दिवे लावून मधोमध आणि कोपऱ्यांत माप घ्यावे. ते चेहऱ्याच्या मापापेक्षा साधारण एक स्टॉप जास्त असले की पुरते. त्याहून फार वाढवल्यास मागून परतणारा प्रकाश केसांच्या व खांद्यांच्या कडा खाऊन टाकतो.

अंतराकडे मात्र सतत लक्ष हवे. उघड्या दिव्यापासूनचे अंतर दुप्पट केले की प्रकाश एक चतुर्थांश उरतो, म्हणजे दोन स्टॉप घटतो. मोठ्या सॉफ्टबॉक्सच्या अगदी जवळ हे गणित तंतोतंत लागू पडत नाही, तरी व्यक्ती हातभर पुढे सरकली तर पुन्हा मोजणे भागच आहे.

इतके करूनही छायाचित्रे नेहमीच सारख्याच प्रमाणात गडद येत असतील, तर मीटर आणि कॅमेरा यांचा मेळ नाही. मीटरच्या मापानुसार करड्या कार्डाचे छायाचित्र घेऊन किती स्टॉपचा फरक पडतो ते तपासावे आणि तेवढी दुरुस्ती मीटरमध्येच नोंदवून ठेवावी. लेन्सवर पोलरायझर (चकाकी कमी करणारा फिल्टर) असेल किंवा दागिन्याचे मॅक्रो, म्हणजे अगदी जवळून, छायाचित्र घ्यायचे असेल, तर तिथे घटणारा प्रकाश मीटरला दिसत नाही. पोलरायझरसाठी सुमारे दीड स्टॉपची भर वेगळी घालावी लागते.